धारेच्या वेळचा पाहुणा

आमच्या दूध संघात बिनदुधाचा चहा पिणारी माणसं दोनच. एक वॉचमन, कारण त्याला दूध पचत नसे. आणि दुसरे आमचे सर. सरांना दूध उत्तम पचायचं. "पण धंद्यातलं आपण पीत नाही," असं ते म्हणायचे आणि चेहरा असा ठेवायचे की हसायचं का मान डोलवायची हे ज्याचं त्याने ठरवावं. मी पहिलं वर्षभर मान डोलावली. नंतर कळलं की हसलं तरी त्यांची हरकत नसते.

सर म्हणजे संघाच्या संगणक विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे सर, मी, नोंदी करणारी दोन मुलं आणि एक खोली. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि नगर जिल्ह्यात संगणक ही अजून चपला बाहेर काढून बघायला जायची वस्तू होती. मी राहात्याहून पदविका घेऊन आले होते. मी तिथे टायपिंग करते अशी घरच्यांची समजूत होती आणि पगार येतोय म्हटल्यावर ती मोडून काढायची कुणाला गरज वाटली नाही.

आमची खोली पूर्वी लोण्याची होती. भिंती जाड, दार त्याहून जाड, आणि आत बारा महिने थंडी. सर्व्हरला गारवा लागतो असं कळल्यावर सरांनी संचालक मंडळाकडून ही खोली मागून घेतली. लोणी दुसरीकडे गेलं, वास मात्र तिथेच राहिला. सर आत कानटोपी आणि बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसायचे, आणि पुष्कळदा कानटोपी काढायची विसरून तसेच मे महिन्याच्या उन्हात आवारातून फिरायचे. नव्याने आलेला टेम्पोवाला त्यांच्याकडे बघून काळजीने विचारायचा, "काय वो, ताप बीप हाय का?" सर त्याला नमस्कार करून पुढे जायचे.

ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. झाडूवाल्या मावशींना, नोंदीच्या मुलांना, कँटीनच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "जरा सरकता का?" म्हटल्यावर कुत्रं सरकायचंही. मी बावीस वर्षांची होते आणि ते मला "बाई" म्हणायचे. एकेरी होती ती फक्त डेटाबेस. तिला ते "ती" म्हणायचे. "ती आत्ता कामात आहे." "घाई तुम्हाला आहे, तिला नाही." सुरुवातीला मला वाटलं, सर घरच्यांबद्दल बोलताहेत.

पण सर खरे प्रसिद्ध होते ते एका प्रश्नाबद्दल. संघात कुणालाही कसलाही रिपोर्ट हवा असला की लोण्याच्या खोलीत यावं लागे. माणूस आला की सर त्याला बसवायचे, तो कुडकुडायला लागेपर्यंत त्याचं ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "हे कळल्यावर काय करणार?"

एवढंच. पण या प्रश्नाने भले भले परत गेले. पशुखाद्य विभागाच्या अधिकाऱ्यांना गावनिहाय म्हशींची संख्या हवी होती. काय करणार म्हटल्यावर ते म्हणाले, "फायलीला लावणार." सर म्हणाले, "मग फायलीला विचारा, तिला काय पाहिजे." एक संचालक शेजारच्या गावचं दूध किती येतं ते विचारायला आले. सरांनी प्रश्न टाकला. संचालक इकडे तिकडे बघून म्हणाले, "आता तुमच्यापासनं काय लपवायचं? निवडणूक हाय." उत्तर खरं होतं म्हणून सरांनी त्यांना चहा पाजला. रिपोर्ट दिला नाही.

गुरांच्या डॉक्टरांनी मात्र एकदा कोणत्या गावांचं दूध अचानक घटलं ते मागितलं. काय करणार, तर म्हणाले, "उद्या त्या गावांना जाऊन गोठे बघणार." सर जेवायला न जाता बसले आणि दुपारपर्यंत कागद हातात दिला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी गेले की नाही हेही त्यांनी संध्याकाळी विचारलं. डॉक्टर गेले होते. न जाऊन सांगतात कुणाला.

रविवारी सर सोयरिकी जुळवत. हा त्यांचा छंद होता, धंदा नव्हे. गाठ बसली तर लग्नाला जायचे नाहीत, आणि नाही बसली तर दोन्ही घरी जाऊन चहा पिऊन यायचे, अर्थात बिनदुधाचा. या कामाचे त्यांचे काही नियम होते. मुलीकडे पहिल्यांदा जायचं ते मध्यस्थाला घेऊन, एकदम थेट नाही. नुसत्या फोटोवर लग्न ठरवायचं नाही, पण फोटो बघून अर्धी माणसं घरीच थांबतात, म्हणून फोटोला नावं ठेवायची नाहीत. आणि काही झालं तरी कुणाच्याही घरी धारेच्या वेळेला जायचं नाही. "गाय पान्हावलेली असते," सर सांगायचे. "अशात परका माणूस दारात आला की ती पान्हा चोरते. पाहुणा चहा पिऊन जातो. त्या घरची पोरं त्या दिवशी कोरा चहा पितात."

हे सगळं मी गंमत म्हणून ऐकायचे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ते कामाला येईल असं मला वाटलं नव्हतं.

झालं असं, की आमच्या चेअरमन साहेबांनी पुण्यातल्या कुठल्याशा कार्यालयात एक रिपोर्ट बघितला. पडद्यावर रंगीत तक्ता, खाली आकडे, आणि तेही तिथल्या साहेबाच्या टेबलावर, बसल्या जागी. साहेब परत आले ते तसलं सॉफ्टवेअर ठरवूनच. पाठोपाठ ते विकणारा तरुण आला. टाय, चकचकीत बूट, आणि दर वाक्याला "सिंपल आहे सर." सॉफ्टवेअर चांगलं होतं, हे मला कबूल करायला हवं, आम्ही ज्या तक्त्यासाठी आठवडा घालवत होतो तो त्याने चहा येईपर्यंत काढून दाखवला. प्रश्न एकच उरला होता. हा रिपोर्ट आमच्या डेटाबेसला जोडायचा कसा?

तरुणाने मार्ग सांगितले. एक तर थेट, डेटाबेसच्या स्वतःच्या ड्रायव्हरने, म्हणजे त्याच्यासोबतच येणाऱ्या जोडणीच्या प्रोग्रॅमने. किंवा ओडीबीसी म्हणून एक मधला दुवा असतो, त्याच्यामार्फत. तो कुणाचीही कुणाशीही गाठ घालून देतो. नाहीतर डेटाबेसची रोज एक प्रत काढून दुसऱ्या मशीनवर ठेवायची आणि रिपोर्टाने त्या प्रतीलाच काय ते विचारायचं.

सरांनी कानटोपी मागे सारली. "म्हणजे थेट, मध्यस्थामार्फत, की फोटो बघून?"

"सर?" तरुण म्हणाला.

"काही नाही. उद्या सकाळी डॉकवर या. बूट दुसरे घाला."

डॉक म्हणजे जिथे गावोगावचे टेम्पो येऊन दुधाचे कॅन उतरवतात तो लांबलचक ओटा. तिथे काट्याशेजारी आमचा एक संगणक होता. कॅन काट्यावर चढला, नमुना घेतला, की नोंद थेट डेटाबेसमध्ये जायची आणि बारका प्रिंटर चिठ्ठी फेकायचा. चिठ्ठी निघाल्याशिवाय कॅन उलटा करायचा नाही, हा नियम सरांचा. त्याआधी पुढाऱ्यांच्या गावचे कॅन आधी उलटायचे आणि वजन मागाहून आठवेल तसं लिहायचे. नियम आल्यावर सगळे रांगेत आले. सरांना तेव्हा धमक्याही आल्या होत्या म्हणे. त्यांनी धमकी देणाऱ्यांनाही तोच प्रश्न विचारला असेल अशी माझी खात्री आहे.

तरुण दुसऱ्या दिवशी आला, बूट मात्र तेच घालून. सरांनी त्याला दिवस उजाडल्यापासून डॉकवर उभं केलं. झाकणं उघडायला लावली, दुधाचा वास घ्यायला लावला. टेम्पोमागून टेम्पो, आरडाओरडा, पाण्याचे फवारे. शेवटचा कॅन उतरला तेव्हा त्याचा टाय खिशात होता आणि बुटातून चबक चबक आवाज येत होता. कँटीनमध्ये बसल्यावर तो स्वतःच म्हणाला, "सर, प्रत काढलेली बरी. डॉक बंद झाल्यावर काढू." मला तो मुलगा आवडला.

साहेबांना प्रत आवडली नाही. आम्ही तिघं केबिनमध्ये उभे होतो. साहेब म्हणजे मोठा माणूस. तरुणपणी सायकलला कॅन बांधून वाड्या-वस्त्यांवर दूध गोळा करत फिरलेला. झाकण उघडलं की दूध किती वेळाचं आहे हे ते नुसत्या वासाने सांगत, असं जुने लोक सांगायचे. चेअरमन झाल्यापासून मात्र ते डॉकवर फिरकले नव्हते.

"म्हंजी आकडे कालचे?" साहेबांनी विचारलं.

"सकाळचे, साहेब. दहाला डॉक बंद होतो, तोवरचे," सर म्हणाले.

"आन् मी नऊला बघितलं तर?"

"तर काल सकाळचे."

"दूधवाल्याला शिळं वाढता व्हय?" साहेब हसले, म्हणून आम्हीही हसलो. "मला ताजं पायजे. थेट जोडा."

सरांनी तिथे त्यांना पान्ह्याची गोष्ट सांगितली. धारेच्या वेळेला पाहुणा घरात घेऊ नये. साहेबांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "म्या काय परका हाय का?" सरांनी कधी नव्हे ते खाली बघितलं. तरुणाने ओडीबीसीमार्फत केबिनमधला संगणक चालू डेटाबेसला जोडून दिला आणि पुण्याची बस पकडली.

दोष पहिल्याच सकाळी कळला. तो रिपोर्ट पडद्यावर पहिलं पान दाखवायचा आणि पुढची पानं डेटाबेसमध्ये पकडून ठेवायचा, वाचणारा पुढे येईल म्हणून. शेवटचं पान येईपर्यंत, किंवा रिपोर्ट बंद करेपर्यंत, पकडलेलं सुटायचं नाही. आणि तोवर डॉकवरची नवी नोंद आत शिरायची नाही. साहेबांना सरांनी जाऊन सांगितलं, "शेवटच्या पानापर्यंत जात जा, नाहीतर बंद करत जा." साहेब "बरं" म्हणाले. पण साहेबांनी आयुष्यात कशाचंही दुसरं पान वाचलेलं नव्हतं. वर्तमानपत्रसुद्धा ते पहिलं पान वाचून खाली ठेवायचे, आतलं पान गेलं तरी त्यांना कळायचं नाही. ते रिपोर्टाचं पहिलं पान लावायचे, समाधानाने बघायचे, आणि ते तसंच ठेवून फोनवर बोलत बसायचे.

मग डॉकवर पडदा गोठायचा. डॉकचा सुपरवायझर ओरडायचा. सर सर्व्हरवर बघायचे, कुणी पकडून ठेवलंय. दर वेळी नाव केबिनचंच. ते तिथूनच केबिनचं कनेक्शन तोडायचे. एक कळ दाबायची, बस. डॉक सुरू व्हायचा आणि साहेबांच्या पडद्यावर इंग्रजीत एक तक्रार यायची. असं दोन-तीनदा झालं. तिसऱ्यांदा साहेबांसमोर साखर कारखान्याचे कुणीतरी बसले होते. साहेबांनी सरांना बोलावून घेतलं.

"आमची लाज काढता व्हय? पुन्यांदा ते तुटलं, तर तुमी पाथर्डीला. सांगून ठिवतो."

पाथर्डीला संघाचं शीतकेंद्र होतं. दुष्काळी भाग, जिल्ह्याचं दुसरं टोक, दूध थोडं आणि संगणक नाही. सर खोलीत आले, सर्व्हरवर साचलेली धूळ फडक्याने पुसली, फडकं झटकलं, पुन्हा पुसली. मला फार वाईट वाटलं. ती खोली, तो डेटाबेस, त्यातला एकेक रकाना त्यांनी स्वतः उभा केला होता. "आता?" मी विचारलं. ते म्हणाले, "आता साहेबांना दुसरं पान आवडायला पाहिजे."

एप्रिलमध्ये पाहुणे आले. कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यातल्या संघाचे संचालक. आधी आमचा संघ बघणार, मग हिवरे बाजारचं पाणलोटाचं काम बघायला जाणार. सकाळी नऊच्या सुमाराला ते केबिनमध्ये बसले. पेढे आले. साहेबांनी शिपायाला बजावलं, फोन द्यायचा नाही, कुणाला आत सोडायचं नाही. आणि संगणकावर पहिलं पान लावलं.

डॉक थांबला.

त्या दिवशी टेम्पो उशिराने आले होते, एका ठिकाणी रस्ता खोदलेला म्हणून. रांगेत सगळ्यात मागे पठारावरच्या एका गावचा टेम्पो होता. ती बायकांची संस्था, नुकतीच सुरू झालेली. सेक्रेटरी मंदाबाई स्वतः टेम्पोत बसून यायच्या, कारण ड्रायव्हरवर त्यांचा विश्वास नव्हता आणि गावावर त्याहून नव्हता. त्यांच्या संस्थेत मराठा वस्ती, बौद्धवाडा, धनगरवाडी, सगळीकडच्या बायकांचं दूध एकाच कॅनमध्ये यायचं. गावातल्या काही पुढाऱ्यांना नेमकं तेच खुपत होतं. एकदा दूध नासून परत येऊ द्या, मग बघू तुमची संस्था, असं ते चावडीवर उघड बोलायचे. मंदाबाईंनी हे मला डॉकवर उभ्या उभ्या सांगितलं होतं, हसत हसत. तेव्हा त्या हसत होत्या. आज कॅनवर ओली पोती टाकून, त्यावर स्वतःच्या हाताने पाणी मारत होत्या.

"बाई, कधी सुरू व्हतंय वो?" त्यांनी मला विचारलं. "लई ऊन झालं. आज परत गेलं तर मी कुन्या तोंडानं जाऊ गावात?"

मी धावत खोलीत आले. सर सर्व्हरसमोर उभे होते. पडद्यावर केबिनचं नाव होतं.

"सर, तोडू?"

"थांबा."

"सर, दूध जाईल."

"माहीत आहे."

दोन मार्ग होते आणि दोन्ही मलाही दिसत होते. कळ दाबायची, आणि पाथर्डीला जायचं. नाहीतर चिठ्ठीशिवाय कॅन उलटायला सांगायचं. मग उद्यापासून चिठ्ठीचा नियम संपला, आणि रांगेत सगळ्यात आधी कुणाचे कॅन उलटले असते ते सांगायला नको. सरांनी कानटोपी काढून खुर्चीवर ठेवली. त्या खोलीत बिनटोपीचे सर मी पहिल्यांदा पाहिले. केस विरळ होते.

ते डॉकवर गेले. मंदाबाईंच्या टेम्पोपाशी जाऊन म्हणाले, "थोडं दूध देता का? झाकणात दिलं तरी चालेल." मंदाबाईंनी काहीएक न विचारता कॅनच्या झाकणात दूध ओतून दिलं. सर ते दोन्ही हातांत धरून, हिंदकळू न देता, आवारातून चालत निघाले. मी मागोमाग. शिपाई केबिनच्या दारात आडवा झाला. "साहेब कुनाला सोडू नका म्हनलेत." सर म्हणाले, "मी कुणी नाही. दूध आलंय." दूध संघात याच्यावर शिपाई तरी काय बोलणार? तो बाजूला झाला.

साहेब तक्त्यावर बोट ठेवून बोलत होते. सरांनी झाकण काचेच्या टेबलावर, पेढ्यांच्या शेजारी ठेवलं. पाहुण्यांपैकी एकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि "वा, छान" म्हणाले.

"काय हाय हे?" साहेबांनी विचारलं.

"ताजी माहिती, साहेब."

साहेबांचा चेहरा लाल झाला. पण झाकण समोर होतं आणि नाक जुनं होतं. त्यांनी ते उचललं, वास घेतला. आणि मी बघितलं, त्यांचा चेहरा बदलला. चेअरमन बाजूला झाला आणि सायकलवाला पुढे आला.

"कुनाचं?"

"पठारावरच्या बायकांचं. अजून गोड आहे."

"जास्तीत जास्त अर्धा घंटा," साहेब म्हणाले. "उतरवून घ्या की! वाट कशाची बघताय?"

"उतरत नाही, साहेब. तुमच्या पहिल्या पानाने सगळा डॉक धरून ठेवलाय." मला माहीत होतं आता काय येणार, आणि मी मनातल्या मनात नको नको म्हणत होते. "आता हे कळल्यावर काय करणार?"

पंख्याने पेढ्यांवरचा कागद फडफडत होता. साहेबांनी सरांकडे बघितलं नाही, पाहुण्यांकडेही नाही. त्यांनी माऊस हातात घेतला. रिपोर्ट बंद कसा करतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. म्हणून ते पुढचं पान दाबत गेले. दुसरं, तिसरं, त्याच्या पुढचं. गावांमागून गावं सरकत होती. शेवटचं पान आलं आणि आवारातून डॉकचा प्रिंटर खरखरायला लागल्याचा आवाज केबिनपर्यंत आला. साहेब मात्र पडद्याकडेच बघत होते. शेवटच्या पानावर शेवटचं नाव मंदाबाईंच्या संस्थेचं होतं, सगळ्यात नवं आणि सगळ्यात थोड्या दुधाचं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. मग शिपायाला हाक मारून म्हणाले, "ह्यो टेम्पो आधी लावायला सांग."

"रांगेने येतील, साहेब," सर म्हणाले.

एवढं तरी त्यांनी बोलायला नको होतं. पण ते बोलले, टेम्पो रांगेनेच लागले, आणि तरीही दूध वाचलं. मंदाबाई चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधून गेल्या. जाताना त्यांनी झाकण मागितलं. ते साहेबांच्या टेबलावरच राहिलं होतं. मी जाऊन आणून दिलं.

दुपारी साहेबांचा आदेश आला: रिपोर्ट उद्यापासून प्रतीला जोडावा, प्रत डॉक बंद झाल्यावर काढावी. संध्याकाळी दुसरा आदेश आला: सरांची बदली, पाथर्डी शीतकेंद्र. साहेब शब्दाचे पक्के होते.

मी भांडायला तयार होते. "सर, तुम्ही तर तोडलंच नव्हतं! अट तुटण्याची होती."

"पाहुण्यांसमोर गेलो, बाई. ते तुटण्याहून वाईट."

"मग गेलात कशाला? खोलीत बसून कळ दाबली असती तरी बदलीच झाली असती, निदान तमाशा झाला नसता."

सर स्वेटरची घडी घालत होते. "रोज तोडत राहिलो असतो, तर साहेबांना एवढंच कळलं असतं की मी तोडतो," ते म्हणाले. मग सर्व्हरकडे बघून, आवाज न बदलता, "दहाला प्रत काढा. त्याआधी तिला कुणी हात लावायचा नाही." कानटोपी ते मला देऊन गेले. मी ती घातली नाही, पण खुंटीवरून काढलीही नाही. ते गेल्यावर खोलीत लोकांची ये-जा वाढली, कारण प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. मी एकदोनदा विचारून पाहिला. लोकांना ते माझ्या तोंडी शोभलं नाही, आणि मला सरांची आठवण येऊन रडू आलं ते निराळंच.

त्यांना भेटायला मी पुढच्या उन्हाळ्यात गेले. पहाटे निघून, नगरला बस बदलून पाथर्डी, तिथून शीतकेंद्रापर्यंत चालत. पत्र्याचं छप्पर, एक मोठी दुधाची टाकी, एक टेबल, त्यावर काळा फोन. सर उघड्या डोक्याने बसले होते. टोपीची गरज नव्हती. तिथे सावलीतसुद्धा भाजायचं. त्यांनी मला कोरा चहा दिला आणि दोन्हीकडच्या माणसांबद्दल विचारलं, म्हणजे माझ्या घरचे आणि डेटाबेस. पाथर्डीतही रविवारी सोयरिकी चालू होत्या.

साडेनऊच्या सुमाराला फोन वाजला. सर उठून उभे राहिले, शर्ट नीट केला आणि मग रिसीव्हर उचलला.

"नमस्कार, साहेब. गोड आहे... नाही, कालच्यापेक्षा कमी आहे. आणखी कमी होईल... किती ते सांगतो, पण आधी सांगा, हे कळल्यावर काय करणार?"

पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. सर ऐकत होते.

"बरं. मग कडबा दोन दिवसांत पाठवा. गुरं त्यापुढे थांबणार नाहीत." मग त्यांनी आकडा सांगितला आणि फोन ठेवला.

"चेअरमन साहेब?" मी विचारलं.

"हो."

"रोज करतात?"

"रोज. धार झाल्यावर."

माझ्या मनात बसमध्ये बसल्यापासून जे होतं ते मी बोलून टाकलं. "मग परत का बोलावत नाहीत तुम्हाला?"

"बोलावलं होतं की. दिवाळीत."

"मग?"

सरांनी माझ्या कपात उरलेला चहा आहे का ते बघितलं आणि आणखी थोडा ओतला.

"नको म्हटलं. तिथे त्यांच्या केबिनपासून माझी खोली हाकेच्या अंतरावर होती, बाई. इतक्या वर्षांत साहेबांनी मला कधी काही विचारलं नाही. ते रिपोर्ट बघायचे."

बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. सर झाकण उघडायला गेले.